रेड वाइन : चव फळाची, हिशेब मद्यार्काचा

मागच्या आठवड्यात संध्याकाळची ओपीडी आटोपत आली असताना अण्णा दवाखान्यात आले. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माणमधील माझे जुने पेशंट. आठ वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या दिवसापासून त्यांनी दारूला हात लावलेला नाही. त्याआधी मात्र ते रोजचे घेणारे होते आणि ती सोडताना त्यांना काय यातना झाल्या, हे मी जवळून पाहिले आहे.

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, नातू नाशिकला गेला होता. तिकडून आणलीय. रेड वाइन. फार महाग नाही म्हणतो. म्हणतो, ही दारू नाही, द्राक्षाचा रस आहे, हृदयाला चांगला. रोज रात्री एक ग्लास घेऊ का?" मी उत्तर देण्याआधीच ते पुढे म्हणाले, "आणि तुम्हीच एकदा सांगितलं होतं, घ्यायचीच तर रेड वाइन घ्या म्हणून."

अण्णांचे म्हणणे खरे होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी अनेकांना तसे सांगत असे. म्हणून आजचा लेख हा काही अंशी माझ्याच जुन्या सल्ल्याची दुरुस्ती आहे.

नातू फेज थ्रीमधल्या कंपनीत नोकरीला आहे. मुलगा हुशार आणि आजोबांवर जीव असलेला. त्याच्या आग्रहावरून मी त्या रात्री त्यांच्या घरी जेवायला गेलो. अण्णांना ओसरीवरच बसायला सांगितले. सुटलेल्या माणसाला नुसता वासही पुरतो. मग नातवाने बाटली उघडली.

वाइन शिराझ जातीच्या द्राक्षांची होती. आपण खातो ती थॉमसन किंवा तास-ए-गणेश ही द्राक्षे हिरवी, बिनबियांची आणि पातळ सालीची. शिराझचा मणी लहान, काळा, बियांचा आणि जाड सालीचा. ही जात मूळची फ्रान्सच्या रोन नदीच्या खोऱ्यातली. तिकडे तिला सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात गेल्यावर ती शिराझ झाली. इराणमध्ये शिराझ नावाचे शहर असल्याने ही वेल तिकडूनच आली, अशी समजूत बरीच वर्षे होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय तपासणी झाली, तेव्हा तिचे आईबाप फ्रान्समधल्याच दोन जाती निघाल्या.

आपल्याकडे युरोपातल्या वाइनच्या जाती रुजायला फार काळ झालेला नाही. १९८०च्या दशकात नारायणगावला वाइन उद्योग सुरू झाला. नाशिकजवळ सुला ही कंपनी १९९९ साली निघाली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षापासून वाइन बनवण्याच्या उद्योगासाठी वेगळे धोरण आणले आणि नाशिकच्या परिसरात वायनऱ्या वाढल्या. युरोपात वेल थंडीत झोपते आणि वर्षाला एकदा छाटतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्या कोरड्या उन्हात फळ भरपूर पिकते. म्हणून इकडच्या कमी किमतीच्या लाल वाइनमध्येही फळाचा स्वाद पुढे येतो.

आता चवीविषयी. वाइन चाखायची रीत सोपी आहे. ग्लास एक तृतीयांशच भरावा. आधी पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहावा. काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक जातींत फिकाच असतो. लाल रंग सालीतून येतो, कारण रस सालीसकट आंबवतात. मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्यावा. मला आधी पिकलेल्या जांभळाची आठवण झाली आणि पाठोपाठ चक्क काळ्या मिरीची. हा भास नव्हे. मिरीला तिचा वास देणारे रोटंडोन नावाचे द्रव्य शिराझच्या सालीतही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवले.

नंतर छोटा घोट तोंडात घोळवावा. आधी फळ जाणवते, मग आंबटपणा आणि शेवटी हिरड्यांवर तुरटपणा. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढते, तसाच. ते टॅनिनमुळे होते. घशाशी जी ऊब लागते, ती मद्यार्काची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही वाइन तशीच प्यायली तर ती ऊब टोचते. म्हणून बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतात.

नातू म्हणाला, "बघा, किती गोड आहे." येथेच बहुतेक लोक फसतात. ती वाइन गोड नव्हती. पिकलेल्या फळाच्या वासाने जीभ गोडीची कल्पना करून घेते. यीस्टने द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर खाऊन तिचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड केलेला असतो. म्हणजे फळाचा वास उरतो, साखर मात्र दारू होऊन बसते. (स्वस्त 'पोर्ट' म्हणून मिळते तिची गोष्ट वेगळी. तिच्यात मद्यार्कही असतो आणि साखरही. मधुमेहींनी ध्यानात ठेवावे.)

मी दोन घोट तोंडात घोळवले आणि बेसिनमध्ये थुंकले. नातू बघतच राहिला. वाइनची पारख हा ज्यांचा धंदा आहे, ते असेच करतात. दिवसभरात अनेक वाइन चाखायच्या असतात, त्या पोटात घालून कसे चालेल? चव घेणे वेगळे आणि पिणे वेगळे.

मग आम्ही बाटलीवरचा आकडा पाहिला. मद्यार्क १३ टक्के. मी कागदावर हिशेब मांडला. ७५० मिलीच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. १५० मिलीच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये असतो सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा व्हिस्कीचा दीड पेग झाला. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य घरोघर ऐकू आले. राजकारणाचे राजकारणी पाहतील. यकृताला मात्र बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. ते फक्त ग्रॅम मोजते.

मग हृदयाचे काय? फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो आणि त्याचे कारण रेड वाइन असावे, ही कल्पना १९९१-९२ च्या सुमारास जगभर गाजली. आम्ही डॉक्टरांनीही ती उचलली. पुढे तिच्यातल्या खोट्या ध्यानात आल्या. अनेक पाहण्यांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले होते. त्यांच्या तुलनेत थोडी पिणारे साहजिकच धट्टेकट्टे दिसले. शिवाय बेताने वाइन पिणारा माणूस बहुधा सुस्थितीतला, बरे खाणारा, वेळेवर तपासण्या करणारा असतो. सालीतल्या रेझवेराट्रॉल या द्रव्याचा फार बोलबाला झाला, पण ते एका ग्लासात जेमतेम एखादा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिलेली मात्रा वाइनमधून घ्यायची तर बाटल्यांचा ढीग लागेल.

दुसऱ्या बाजूला, मद्य कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा औषध म्हणून वाइन सुरू करावी, असे आज मी कोणालाही सांगत नाही.

जे अधूनमधून हौसेने घेतात, त्यांनी एवढे तरी पाळावे :

१. उपाशीपोटी घेऊ नये आणि ग्लास मापाचा असावा. मोठ्या ग्लासात अर्धी बाटली सहज मावते.

२. मधुमेहाच्या, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको. काही गोळ्यांबरोबर साखर एकदम खाली येते.

३. दम्याच्या रुग्णांनी लेबल वाचावे. वाइन टिकवण्यासाठी सल्फाइट घालतात, त्याने काहींना धाप लागते.

४. गरोदर स्त्रियांनी अजिबात घेऊ नये. सर्दीसाठी लहान मुलांना वाइन किंवा ब्रँडीचे थेंब देणे आता तरी थांबवावे.

५. घेतल्यावर गाडी चालवू नये. आपल्या हिंजवडीच्या रस्त्यांवर तर नाहीच नाही.

६. ज्याची दारू सुटली आहे, त्याला 'ही तर फक्त वाइन' म्हणून आग्रह करू नये. त्याच्यासाठी पहिला ग्लास हा एकच ग्लास नसतो.

जेवण झाल्यावर मी ओसरीवर अण्णांपाशी बसलो. म्हणालो, "अण्णा, तेव्हा मी सांगितलं ते चुकलं. तुम्ही आठ वर्षं जे केलंत, तेच तुमच्या हृदयाचं औषध." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. गेले चार दिवस ती बाटली कपाटात होती आणि मला झोप नव्हती."

नातवाने हे आतून ऐकले. उरलेली बाटली त्याने त्याच रात्री घराबाहेर नेली. पुढच्या रविवारी तो आजोबांसाठी बाजारातून काळी द्राक्षे घेऊन आला. तीही मधुमेह नसल्यामुळे, आणि बेताने.