हायड्रोपोनिक गांजा म्हणजे काय? साध्या गांजापेक्षा तो इतका कडक कसा?

बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ‘हायड्रोपोनिक वीड’ सापडलं, अशा बातम्या तुम्ही हल्ली वाचल्याच असतील. हा नेमका काय प्रकार आहे? चला, समजून घेऊया.

हायड्रोपोनिक म्हणजे काय?

मातीशिवाय, खतं विरघळवलेल्या पाण्यावर झाड वाढवायची ही पद्धत. लेट्यूस आणि टोमॅटोही असेच पिकवतात. म्हणजे नशा पाण्यात नाही, ती झाडाच्या वाणात आहे.

मग हे वाण आलं कुठून?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘स्कंक नंबर १’. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मेक्सिको, कोलंबिया आणि अफगाणिस्तानातल्या जातींचा संकर करून ते तयार झालं. पहिल्या दोन जाती उंच आणि उशिरा फुलणाऱ्या, तर अफगाणी जात बुटकी, लवकर फुलणारी आणि चिकट राळेने भरलेली. १९८० च्या दशकात हे बियाणं नेदरलँड्सला पोहोचलं आणि बंद खोलीतली लागवड जोरात सुरू झाली. स्कंक हा अमेरिकेतला उग्र वास सोडणारा प्राणी. या गांजाचा तसाच वास गंधकाच्या संयुगांमुळे येतो, हे २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं.

ताकद कशामुळे वाढते?

नशा आणणारा घटक टीएचसी. १९६४ मध्ये इस्रायलचे राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. मादी फुलांवरच्या बारीक ग्रंथींमध्ये तो आम्लाच्या रूपात साठतो आणि उष्णता मिळाली की त्याचं टीएचसी होतं.

गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचे पराग पोहोचले नाहीत तर मादी बी धरत नाही, राळ मात्र बनवत राहते. म्हणून व्यावसायिक लागवडीत फक्त माद्या ठेवतात. शिवाय शेवंतीसारखंच हे झाडही रात्र मोठी झाली की फुलतं. खोलीत दिवे बंद-चालू करून ही ‘रात्र’ हवी तेव्हा आणता येते.

परिणाम काय? अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांमध्ये टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्के झालं.

शरीराला धोका काय?

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त युरोप आणि ब्राझीलमधला एक अभ्यास छापून आला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सायकोसिसची म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या आजाराची शक्यता जवळपास पाचपट दिसली. यातला प्रत्येक आजार गांजामुळेच झाला, असं यातून सिद्ध होत नाही. पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा लागू आहे. एक किलोपर्यंत ‘अल्प’ आणि वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक’ प्रमाण. व्यावसायिक प्रमाणाला किमान १० वर्षं सक्तमजुरी. विनापरवाना लागवडीलाही १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि हे नीट लक्षात ठेवा: खटल्यात न्यायालय ‘आरोपीला माहीत होतं’ असं गृहीत धरून चालतं. माहीत नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. त्यामुळे फुकट तिकिटाच्या बदल्यात कुणी ‘एवढी बॅग घेऊन ये’ म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

माहिती उपयोगी वाटली तर परदेशी फिरायला निघालेल्या मित्रांना नक्की पाठवा.