हलकी तरीही ताठ: कार्बन फायबरची रोड बाइक फ्रेम

रोड बाइकची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोणांचा सांगाडा. पुढचा मोठा त्रिकोण वरची दांडी, खालची जाड नळी आणि सीटखालची उभी नळी यांचा असतो. त्याच्या पुढच्या टोकाला आखूड हेड ट्यूब असते आणि तिच्यात चिमट्याचा दांडा फिरतो. मागचा लहान त्रिकोण चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या बारीक नळ्यांचा. त्यातल्या आडव्या नळ्यांना चेनस्टे आणि तिरप्या नळ्यांना सीटस्टे म्हणतात. दोन्ही त्रिकोण खाली जिथे एकत्र येतात ते बॉटम ब्रॅकेट. पेडलचा आस तिथे फिरतो. चांगल्या स्टीलची अशी फ्रेम साधारण दीड ते दोन किलो भरते. शर्यतीसाठी घडवलेली कार्बनची फ्रेम बहुधा ७०० ते १००० ग्रॅममध्ये बसते आणि तरीही पायाच्या जोरापुढे कमी वाकते.

फ्रेमचा ताठपणा सगळीकडे सारखा असून चालत नाही. शेवटच्या धावेत व्यावसायिक स्वार काही सेकंद हजार वॅटपेक्षा जास्त शक्ती लावतो. तेव्हा प्रत्येक पेडलबरोबर बॉटम ब्रॅकेट बाजूला ढकलले जाते. वाकलेली फ्रेम पुन्हा सरळ होताना बरीचशी शक्ती परत देते, त्यामुळे सगळा जोर वाया जातो असे नाही. मात्र साखळी घासू लागते आणि सायकल हुकमात राहत नाही. घाट वेगाने उतरताना हेच हेड ट्यूबबाबत होते. ती पिळली गेली तर हँडल वळवणे आणि चाक वळणे यांत फरक पडतो. म्हणून बॉटम ब्रॅकेट, खालची नळी, हेड ट्यूब आणि चेनस्टे ताठ हवेत. सीटस्टे आणि सीटचा दांडा यांनी मात्र खालून येणारा हादरा थोडा झेलायला हवा. एकाच वस्तूकडून या दोन उलट अपेक्षा आहेत, आणि त्या पुऱ्या करण्यात कार्बन धातूंच्या पुढे जातो.

कार्बनचा तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असतो. तो बहुतेक वेळा पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून बनतो. धागा ताणून धरून आधी २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या हवेत तापवतात, मग नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूत हजार अंशांच्या वर नेतात. बाकीची मूलद्रव्ये उडून जातात आणि धाग्याच्या लांबीला धरून मांडलेला कार्बन उरतो. या धाग्यापासून कार्बन तंतू बनवण्याची वाट १९६०च्या आसपास जपानमध्ये ओसाकाच्या अकिओ शिंदो यांनी दाखवली. इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेने त्याच दशकात जास्त मजबूत तंतू मिळवले. १९७१ मध्ये जपानच्या तोरे कंपनीने टी३०० या तंतूचे व्यापारी उत्पादन सुरू केले. विमाने, मासेमारीच्या काठ्या, गोल्फच्या काठ्या आणि सायकली यांत तो पसरत गेला.

आकडे पाहिले की या पदार्थाचे मोल कळते. ताठपणाचे माप, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, स्टीलसाठी सुमारे २०० गिगापास्कल आणि ॲल्युमिनियमसाठी ७० आहे. पण ॲल्युमिनियमची घनताही स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आहे. त्यामुळे वजनाच्या हिशेबात हे दोन धातू जवळपास बरोबरीत येतात आणि टायटॅनियमही त्यांच्याच आसपास राहते. टी३०० तंतूचा गुणांक २३० आणि घनता पाण्याच्या पावणेदोन पट, म्हणजे स्टीलच्या पाव भागाहून कमी. तंतूंना धरून ठेवणाऱ्या राळेचे वजन मिळवल्यावरही तयार थर तंतूंच्या दिशेने धातूंच्या तिपटीपर्यंत जातो.

पण हा हिशेब फक्त तंतूंच्या दिशेने खरा आहे. तंतूंना आडवा ताण आला तर सगळा भार राळेवर पडतो आणि थराचा ताठपणा दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो. बांबू जसा लांबीला बळकट असतो पण उभा सहज चिरतो, तसाच हा थर. धातूची नळी सर्व दिशांना सारखीच वागते; कार्बनची नळी थर जसे मांडले जातील तशी वागते. चांगली आणि सुमार फ्रेम यांतला फरक तंतूच्या नावापेक्षा याच मांडणीत असतो.

मांडणीचे मूळ नियम थोडे आहेत. नळीच्या लांबीशी समांतर थर वाकण्याला विरोध करतात. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत तिरपे टाकलेले थर पीळ रोखतात. नळीभोवती ९० अंशांत गुंडाळलेले थर तिला चपटी होऊ देत नाहीत. खालच्या नळीवर पिळाचा भार मोठा, म्हणून तिथे तिरपे थर भरपूर असतात; चेनस्टेमध्ये समांतर थर वाढवतात. तंतूंचे प्रकारही मिसळतात. टी८०० चा गुणांक २९४, एम४०जे चा ३७७. मात्र फार ताठ तंतू आघाताने लवकर तुटतो. म्हणून तो जिथे ताठपणा हवा आणि दगडधोंड्याचा मार कमी बसतो तिथेच वापरतात आणि बाकीचे काम चिवट तंतूंवर सोपवतात. नळीचा व्यासही तितकाच महत्त्वाचा. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट वाढतो. कार्बन हलका असल्यामुळे हा फायदा पुरेपूर घेता येतो. आजच्या फ्रेमची खालची नळी आणि बॉटम ब्रॅकेट इतके रुंद का दिसतात, त्याचे उत्तर इथे आहे.

अशा फ्रेम मुख्यतः तैवान आणि चीनमध्ये बनतात. तैवानचा ताइचुंग परिसर हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. कच्चा माल म्हणजे आधीच राळ भिनवलेली कार्बनची चादर, तिला प्रीप्रेग म्हणतात. राळ वेळेआधी घट्ट होऊ नये म्हणून ती शीतगृहात साठवतात. यंत्र तिचे ठरलेल्या कोनात तुकडे कापते. एका फ्रेमला असे काहीशे तुकडे लागतात. पुढचे काम हातांचे. कारागीर क्रमांक पाहून तुकडा उचलतो, पाठचा कागद सोलतो आणि चिकट चादर गाभ्यावर आखलेल्या रेषेला जुळवून बसवतो. मग बोटांनी दाबत हवा आणि सुरकुत्या बाहेर काढतो. सुरकुती राहिली तर तंतू तिथे वाकडा होतो आणि भार आला की नेमका तिथेच दगा देतो. थरांनी मढवलेला भाग धातूच्या साच्यात ठेवून आतली पिशवी हवेने फुगवतात, त्यामुळे थर आतून साच्यावर दाबले जातात. सुमारे १२० ते १५० अंशांवर राळ पक्की होते. मग पिशवी काढतात, भाग जोडतात, सांध्यांवर पुन्हा थर चढवतात, घासकाम आणि रंग करतात. फ्रान्सच्या टाइम कंपनीने वेगळी पद्धत रुजवली: कोरड्या तंतूंची विणलेली नळी साच्यात घालून त्यात दाबाने राळ सोडायची.

सायकलीत कार्बन एकदम आला नाही. १९७०च्या दशकात आणि पुढेही काही काळ कार्बनच्या सरळ नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवत. घामाचे खारे पाणी शिरले की कार्बनच्या संपर्कातले ॲल्युमिनियम गंजे आणि सांधे सुटत. दोहोंमध्ये काचतंतूचा थर घालणे हा त्यावरचा उपाय ठरला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांनी लुक कंपनीच्या कार्बन फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. त्याच वर्षी केस्ट्रेलने सांध्यांऐवजी एकसंध घडवलेली कार्बन फ्रेम बाजारात आणली. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन यांनी माइक बरोज यांच्या कल्पनेतून उतरलेल्या लोटस सायकलवर सुवर्णपदक मिळवले. तिला त्रिकोण नव्हतेच. १९९५ मध्ये फ्रांको बॅलेरिनी यांनी कोल्नागोच्या सी४० वर पॅरिस–रूबे जिंकली आणि दगडी रस्त्यावर कार्बन टिकेल का, ही शंका बरीचशी मिटली.

यानंतर नियम आले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयने पारंपरिक दोन त्रिकोणांचा आराखडा बंधनकारक केला आणि २००० पासून शर्यतीच्या सायकलचे किमान वजन ६.८ किलो ठरवले. पूर्ण सायकल त्या मर्यादेपर्यंत सहज उतरू लागल्यावर निर्मात्यांनी वाचलेले ग्रॅम वारा कापणाऱ्या नळ्या आणि डिस्क ब्रेक यांवर खर्च केले. हलकेपणाची धाव मात्र थांबली नाही. २०२० मध्ये स्पेशलाइझ्डने एथॉस ही फ्रेम आणली. ५६ मापाला ५८५ ग्रॅम असे तिचे वजन कंपनीने सांगितले. त्यासाठी नवा तंतू शोधावा लागला नाही. नळ्यांचे आकार गोलसर करून भार सर्वत्र पसरवला, त्यामुळे जागोजागी लागणारे आधाराचे जादा थर वगळता आले.

नीट बनवलेली कार्बन फ्रेम वारंवार येणाऱ्या भाराने सहसा थकत नाही. आयएसओ ४२१० या मानकाच्या चाचणीत पेडलच्या जागी एक लाख वेळा भार देऊन फ्रेम तपासली जाते. तिचा खरा वैरी म्हणजे टोकदार आघात आणि जास्त आवळलेला पट्टा. सीटच्या दांड्याचा स्क्रू टॉर्क पाना वापरूनच आणि त्यावर लिहिलेल्या न्यूटन-मीटर आकड्यापर्यंतच आवळावा. दुरुस्तीच्या स्टँडवर किंवा गाडीच्या कॅरिअरवर सायकल वरच्या दांडीला चिमटून टांगू नये. दांडीच्या पातळ भिंती बाजूचा दाब सोसण्यासाठी नसतात. धातूला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनचे थर आतल्या आत सुटले तरी रंग शाबूत राहू शकतो. नाण्याने हलके ठोकल्यावर टणत्काराऐवजी बद्द आवाज आला तर तो इशारा समजावा. खात्री अल्ट्रासाउंड तपासणीने होते. खराब भाग उतरता घासून त्यावर मूळ दिशेनेच नवे थर चढवले तर फ्रेम वाचते. पूर्ण मोडलेली फ्रेम मात्र वितळवून पुन्हा वापरता येत नाही, कारण पक्की झालेली राळ वितळत नाही. राळ जाळून मिळतात ते आखूड तंतू.

कार्बन फ्रेम घेणाऱ्याने तंतूचे नाव आणि ग्रॅमचा आकडा यांवर भुलू नये. आपल्या मापाची फ्रेम, थरांच्या मांडणीची आणि चाचणीची जबाबदारी घेणारा निर्माता आणि स्पष्ट लिहिलेली हमी आधी पाहावी. जुनी फ्रेम घेताना ती पडली होती का हे विचारावे, आणि मोठ्या आपटीनंतर जाणकाराने तपासल्याशिवाय तिच्यावर पुन्हा स्वार होऊ नये.