लेकराचे औषध आणि घरातला फार्मासिस्ट



उसावर फवारणी करताना आपण पंपाला किती मिली औषध घालायचे ते दोनदा विचारतो. जास्त पडले तर पीक करपते, कमी पडले तर कीड तशीच राहते, हे आपल्याला पाठ आहे. पण घरात लेकराला ताप आला, की तोच माणूस मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली काढतो आणि अंदाजाने चमचाभर पाजून मोकळा होतो. पिकाला माप आणि पोटच्या पोराला अंदाज, हे काही बरोबर नाही. म्हणून या खेपेला ऊस बाजूला ठेवून आम्ही औषधाच्या मापाविषयी लिहीत आहोत, आणि ते माप सांभाळणाऱ्या फार्मासिस्टविषयीही. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) आणि भोवतालच्या गावांतून बारावी सायन्सला गेलेली सभासदांची मुले-मुली 'पुढे काय' म्हणून विचारतात, त्यांच्यासाठीही हा लेख आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काय घडले ते आठवावे. नागपूरच्या पलीकडे मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्हा आहे. तिथल्या परासिया भागात लहान मुलांना सर्दी-खोकल्यासाठी 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप दिले गेले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत हलवले, तरी २० पेक्षा जास्त लेकरे गेली. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. चालते फक्त ०.१ टक्का.

हे विष गोडसर आणि स्वस्त असते. पातळ औषधात घालायच्या शुद्ध ग्लिसरीनच्या किंवा तत्सम द्रवाच्या जागी कारखान्यात वापरायचा माल आला आणि तपासणी झाली नाही, की ते बाटलीत शिरते. आपल्याच राज्यात १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असल्या भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने १०० हून अधिक माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्यानंतर १९३८ साली तिथला कायदा कडक झाला.

परासियाची बातमी आल्यावर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या सिरपची एसआर-१३ ही बॅच विकू नका, वापरू नका, असे कळवले. आता विचार करा. ज्याच्याकडे पक्के बिल आहे, त्याच्या बिलावर बॅच नंबर असतो. ज्याने चिठ्ठीविना, बिलाविना बाटली नेली, त्याला कोण आणि कसे शोधणार? बिल म्हणजे दुकानदाराचा हिशेब एवढेच आपण समजतो. प्रत्यक्षात ती लेकराची राखण आहे.

आता मापाची गोष्ट. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे. त्याचे यकृत, त्याची मूत्रपिंडे अजून तयार होत असतात. जुन्या काळी वयावरून हिशेब करीत. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे मोठ्याच्या पाव डोस. आता बहुतेक औषधांचा हिशेब वजनावर असतो. तापाचे पॅरासिटामॉल घ्या. एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम झाले. पण हेच औषध बाजारात तीन तऱ्हेने मिळते. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये साधारण १२० मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात २५०, आणि थेंबांच्या बाटलीत नुसत्या १ मिलिलिटरमध्येच १००. थेंबांची बाटली आणली आणि सिरप समजून ५ मिलिलिटर पाजले, तर त्या बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेले. वरच्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त! बाटली दिसायला तशीच, औषधाचे नावही तेच.

ही चूक पकडण्याची शेवटची जागा म्हणजे दुकानाचा किंवा दवाखान्याचा औषधांचा काउंटर. तिथे उभा असलेला माणूस 'लेकराचे वजन किती?' असे विचारतो की नाही, यावरून तो फार्मासिस्ट आहे की नुसता बाटल्या काढून देणारा, हे ओळखावे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या फार्मासिस्टलाच आहे. परवान्यावर एकाचे नाव आणि गल्ल्यावर दुसराच, हा प्रकार कायद्यात बसत नाही आणि लेकराच्या जिवालाही परवडत नाही. आपल्या मुलाने शिकून नुसते प्रमाणपत्र भाड्याने देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आता शिक्षणाचा मार्ग. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित हवे. डी. फार्म. दोन वर्षांचा असतो. त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष काम, मग राज्याच्या फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी. बी. फार्म. चार वर्षांचा. डी. फार्म. झालेल्याला त्याच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात २००८ पासून सुरू झाला. त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयातच काढायचे असते. ज्याला बालरुग्णांच्या वॉर्डात डॉक्टरांबरोबर काम करायची ओढ आहे, त्याने हा मार्ग पाहावा. दुकान टाकणे हा एकच रस्ता नाही. जिल्हा परिषदेकडे प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद असते.

त्या कामाचे मोल पाहा. बाळांच्या लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात वीज गेली की आपण मोटारीची काळजी करतो. आरोग्य केंद्रात त्याच वेळी कोणाला तरी लसीच्या फ्रीजची काळजी करावी लागते. काही लसी उष्णतेने बिघडतात, तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तरी निकामी होते. वरून पाहून बापाला ते कळणार नाही. सुई टोचली, लेकरू रडले, पण संरक्षण काही मिळाले नाही, असे होऊ नये म्हणून हा पहारा.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. त्यावर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध उपयोगी पडते. डोस साधारण दर किलोला १० ते २० मिलिग्रॅम, आणि नेहमी मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. बारा किलोच्या पोराला ती अख्खी कशी देणार? घरी फोडून अंदाजाने भाग करणे धोक्याचे. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य मात्रा तयार करणारा, रक्ततपासणीची तारीख आठवण करून देणारा जाणकार माणूस लागतो.

सभासदांनी घरात इतके तरी पाळावे. सर्दी-खोकल्याचे सिरप दोन वर्षांखालील मुलाला देऊ नये आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नये, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले आहे. ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच देऊ नये. औषध घरच्या चमच्याने न मोजता बाटलीबरोबरच्या मापाने मोजावे. पावडरीची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरावी, दर वेळी हलवावी, आणि लेबलावरचे दिवस संपले की उरलेली फेकावी. जुलाब झाले तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालावी, आणि डॉक्टरांनी दिलेले झिंक १४ दिवस पुरे करावे. औषध घेतल्यावर लेकराची लघवी कमी झाली, ते सुस्त पडले, तर बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. औषधाचा त्रास कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे.

दिघोरीहून मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे भंडारा नाही तर ब्रम्हपुरी. रात्री-बेरात्री ती वाट लांबच वाटते. गावातल्याच काउंटरवर आपल्यापैकी कोणाचा तरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी उभी असेल, आणि बाटली हातात देण्याआधी 'काका, वजन किती हो पोराचं?' म्हणून विचारील, तर कितीतरी फेरे आणि कितीतरी संकटे वाचतील. उसाच्या बिलातून पोरांच्या शिक्षणाला पैसा काढताना या वाटेचाही विचार घरोघरी व्हावा.