पुस्तके आहेत, फुरसत नाही

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, अशी तजवीज आपल्या अनुसूचीत केली, आणि त्याच अनुसूचीत पाचवीपर्यंत वर्षाला ८०० व सहावी ते आठवी १००० अध्यापन-तासांचा हिशेबही बांधून दिला. परंतु ही पुस्तके मुलाने उघडावीत केव्हा, याविषयी मात्र मौन पाळले.

आठवड्याला एखादी ग्रंथालयाची तासिका मिळाली, तरी रांग लावणे, जुने पुस्तक जमा करणे, नव्याचा दाखल क्रमांक नोंदवहीत चढवणे एवढ्यातच ती सरते; भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हाती लागलेला पोरगा कपाटाशी उभ्याउभ्याच दुसऱ्या पानावर पोचतो न पोचतो तोच घंटा होते. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला असेल, तर तीही तासिका परस्पर गणिताच्या खात्यात जमा होते. वाचकाचा वेळ वाचवा, असा एक नियम ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथपालांना घालून दिला; येथे वाचवायलाच वेळ शिल्लक नाही!

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून बडोद्यात ग्रंथालयांचे जाळे विणले, तेव्हा फिरत्या पेट्यांतून गावोगाव पुस्तके धाडली आणि बालवाचकांचीही स्वतंत्र सोय केली. आपण १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, हे ठीकच. पण उरलेल्या वर्षाचे काय?

वस्तुतः नवी तासिका नकोच. मधली सुट्टी, शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, शनिवारची सकाळ, एवढ्या वेळी ग्रंथालयाचे दार उघडे राहावे. मुलाने वाटेल ते पुस्तक काढावे, न आवडल्यास ठेवून द्यावे, आणि तात्पर्य लिहून आणण्याचा तगादा त्याच्यामागे कोणी लावू नये. दहा मिनिटे चित्रेच पाहत बसला, तरी माझी काही हरकत नाही.

अडचण आहे ती कुलपाची. ग्रंथालयाचा भार वाहणाऱ्या शिक्षकाला हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याच माथी बसण्याची धास्ती असते, म्हणून किल्ली त्याच्या खिशातून सहसा बाहेर येत नाही. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पुस्तके हाताळली की काही फाटणार, काही गहाळ होणार, हे गृहीत धरून ती तूट खडूच्या खर्चासारखी दरसाल शाळेच्या जमाखर्चात दाखवण्याची मुभा शिक्षण खात्याने लेखी द्यावी. किल्ली मग आठवीतल्या एखाद्या मुलीकडेही सोपवता येईल.