धावपट्टी दिसली नाही तर?

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या घरातून एक विमान मुंबईला निघतं. बाहेरच्या खोलीतला संगणक, टेबलाला पक्की केलेली जॉयस्टिक आणि खुर्चीत आमचा धाकटा. तो वैमानिकाचं प्रशिक्षण घेतोय. सुट्टीला आला की रोज दोन तास हा सराव. सुरुवातीला आम्हाला वाटलं, एवढी फी भरून पोरगं घरी येऊन गेमच खेळतंय! चार रात्री शेजारी बसलो, तेव्हा आमचं मत बदललं.

डोळे मिटून खाली येणं

ढगात शिरलं की वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. मग शरीर फसवतं. विमान वळत असलं तरी सरळ चाललंय असं वाटतं. अशा वेळी विश्वास ठेवायचा तो फक्त समोरच्या काट्यांवर. धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ लहरी दोन गोष्टी सांगतात. तुम्ही मधल्या रेषेच्या डावीकडे आहात की उजवीकडे, हे सांगतो लोकलायझर. उतार बरोबर आहे की नाही, हे सांगतो ग्लाइड स्लोप. या व्यवस्थेला आयएलएस म्हणतात.

उतार साधारण 3 अंशांचा असतो. म्हणजे प्रत्येक सागरी मैलाला सुमारे 320 फूट खाली यायचं. मुलाने आम्हालाही एक सोपा हिशेब शिकवला: वेगाला पाचाने गुणा. 90 नॉटने येणारं छोटं सेसना मिनिटाला 450 फूट उतरतं, 140 नॉटने येणारं प्रवासी विमान 700 फूट.

धावपट्टीपासून साधारण 200 फुटांवर निर्णयाची उंची येते. तिथे धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचं. यालाच गो-अराउंड म्हणतात.

जोड सॉफ्टवेअर कशासाठी?

नुसत्या सिम्युलेटरवर उडता येतं, पण सराव नेमका व्हायला आणखी काही लागतं. नेव्हिग्राफची वर्गणी भरली की विमानतळांचे चार्ट मिळतात. जगभर विमानमार्गांची माहिती दर 28 दिवसांनी बदलते, तीही ताजी मिळत राहते. लिटल नॅव्हमॅप हा मोफत प्रोग्राम नकाशावर आपल्या विमानाची वाट रेखाटतो. कुठे भरकटलो, कुठे फार लवकर उतरलो, ते नंतर बसून पाहता येतं. रेडिओवर बोलायची भीती घालवायला व्हॅटसिम आहे. तिथे हौशी स्वयंसेवक खरोखरच्या नियंत्रकासारखे सूचना देतात.

सरावाचा क्रम मात्र सोडायचा नाही. आधी निरभ्र आकाशात तोच अॅप्रोच पुन्हा पुन्हा. मग ढग 1,000 फुटांवर, मग 500, मग 300. वारा सगळ्यात शेवटी.

थोरलीची युक्ती

ढग किती खाली आहेत हे स्वतःच ठरवलं तर परीक्षा कसली? म्हणून हवामान आमची थोरली ठरवते, भावाला न सांगता. एका रात्री तिने ढग 100 फुटांवर आणले. घाटकोपरच्या बाजूने, मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीकडे विमान येत होतं. 200 फूट गेले. 150 गेले. मग धावपट्टी दिसली आणि विमान उतरलं. पोरगं खूश!

थोरलीने नकाशा उघडला. "दोनशेला दिवे दिसले होते?"

"नाही आपा. पण दिसणारच होते."

"मग खाली का आलास?"

तो गप्प. आम्हीही गप्प.

खरी गोष्ट

आम्हाला कोझिकोड आठवलं. 7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेलं विमान पावसात तिथल्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे घसरून खाली कोसळलं. 21 जण गेले. आखातात माणसं असलेल्या कोकणातल्या किती घरांत त्या रात्री काळजाचा ठोका चुकला असेल! चौकशी अहवालाने सांगितलं की विमान नीट स्थिरावलेलं नसताना अॅप्रोच चालू ठेवला गेला. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर जवळजवळ निम्मं अंतर गेल्यावर चाकं टेकली, आणि सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवूनही विमान वर नेलं गेलं नाही.

पहिला सिम्युलेटरही लोकांना खेळणंच वाटला होता. अमेरिकेत एडविन लिंक यांनी 1929च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून तो बनवला. गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. 1934मध्ये टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत मरू लागले, तेव्हा लष्कराने तेच यंत्र विकत घेतलं.

घरच्या सरावाला मर्यादा आहेतच. हे तास लॉगबुकात धरले जात नाहीत. ढगातली घेरी, हादरे, पोटात पडणारा गोळा यांतलं काही खुर्चीत जाणवत नाही. चुकीची सवयही इथेच पक्की होऊ शकते. म्हणून प्रशिक्षकाने शिकवलं तेवढंच घरी घोटायचं. पण काटे वाचायची सवय आणि वेळेवर माघार घ्यायची सवय, या दोन्ही इथे लागतात.

काल रात्री थोरलीने पुन्हा ढग खाली आणले. 200 फुटांवर समोर नुसतं पांढरं. "गो-अराउंड!" तो मोठ्याने म्हणाला आणि विमान वर गेलं. थोरलीने काही न बोलता त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला.

वाचकहो, कधी तुमचं विमान उतरता उतरता एकदम वर गेलं, तर घाबरू नका. पुढे बसलेल्या माणसाने थांबायचं कुठे ते ओळखलं आहे.