तीनशे पाहुण्यांचा केक : माप कसे वाढवावे?

वलिम्यासाठी खव्याच्या केकची ऑर्डर मिळाली की पहिला प्रश्न मापाचा येतो. घरी दहा-बारा माणसांना पुरणारा केक ज्यांना उत्तम जमतो, त्यांचाही मोठा ट्रे मध्ये बसतो किंवा कडेने करपतो. दर आधीच ठरलेला असतो. त्यामुळे एक ट्रे फसला तरी नफ्याचा मोठा भाग जातो.

हिशेब माणसांवरून नव्हे, भांड्याच्या तळावरून करावा. आठ इंची गोल डब्याचा तळ सुमारे ५० चौरस इंच भरतो, तर १२ बाय १८ इंची ट्रेचा २१६. म्हणजे तेवढ्याच जाडीच्या केकला ४.३ पट माल लागतो. दोन इंची चौकोनी तुकडे पाडल्यास ट्रेमागे ५४ नग निघतात. सहा ट्रेत ३२४ नग झाले, म्हणजे घरच्या कृतीच्या सुमारे २६ पट.

घरी २०० ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, १५० ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम खवा आणि तीन अंडी घेत असाल, तर मैदा व साखर प्रत्येकी ५ किलो २०० ग्रॅम, लोणी व खवा प्रत्येकी ३ किलो ९०० ग्रॅम आणि अंडी ७८ लागतील. अंड्यांचे तीसचे तीन ट्रे आणावेत, फुटतुटीला बारा उरतात. वाटी-चमचा इथे चालत नाही. वाटीत दहा ग्रॅमचा फरक पडला तर २६ पटीत पाव किलोहून जास्त चुकते! लक्ष्मीपुरीतून माल आणला तरी घरी पुन्हा काट्यावर घालावा. खवा मात्र ज्याच्याकडून नमुन्याला घेतला त्याच्याकडूनच घ्यावा, कारण ओल्या आणि कोरड्या खव्यात पाण्याचे प्रमाण वेगळे असते.

बेकिंग पावडर सरळ पटीत वाढवू नये. रुंद ट्रेच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोहोचते. तोवर केक फुगतो, पण त्याला धरून ठेवणारा मैदा-अंड्यांचा सांगाडा घट्ट झालेला नसतो, म्हणून तो खाली बसतो. घरी सहा ग्रॅम घालत असाल तर त्या हिशेबात पाच ग्रॅमने सुरुवात करून एक ट्रे आधी भाजून पाहावा. वेलदोडाही बेतानेच.

सहाही ट्रेचे मिश्रण एकदम करू नये. भट्टीत एका वेळी दोन ट्रे मावत असतील तर दोनचेच करावे, कारण ओले झाल्याबरोबर पावडरचा जोर सुटू लागतो. ट्रे वाचवण्यासाठी जाड थर ओतणे तर मुळीच नको.

घरून मळून नेलेली नानखटाई भट्टीवर भाजून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. केकसाठीही बेकरीवाल्यांशी आधी वेळ ठरवावी. लाकडाच्या भट्टीत पाव निघाल्यावर आच उतरते, ती मऊ आच केकला मानवते. विजेच्या ओव्हनवर घरी १८० अंश ठेवत असाल तर मोठ्या ट्रेला १७० ठेवून वेळ वाढवावा. अर्ध्या वेळेनंतर ट्रे फिरवावा आणि काडी मध्यभागीच टोचून पाहावी.

दर सांगताना भट्टीची मजुरी, खोके, रिक्षाभाडे आणि नमुन्याचा ट्रेही खर्चात धरावा. केक पूर्ण गार झाल्यावरच कापावा. गरम केक खोक्यात भरल्यास वाफ धरते आणि खव्याचा माल लवकर आंबतो.