स्तनकर्करोगाची पूर्वतपासणी : लाभ मोजावा कसा?

कर्करोग लवकर सापडला तर तो बरा होण्याचा संभव अधिक, हे विधान आता सर्वपरिचित झाले आहे. त्यावरून, कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची ठरावीक काळाने पूर्वतपासणी करीत राहिल्यास स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू घटतील, असे अनुमान सहज काढले जाते. परंतु ते अनुमान आहे, पुरावा नव्हे. निरोगी दिसणाऱ्या लक्षावधी स्त्रियांना बोलवायचे आणि त्यांतील काहींना शस्त्रक्रियेपर्यंत न्यायचे, तर त्यामुळे जीव वाचतात की नाही हे आधी सिद्ध व्हावयास हवे.

निदानानंतर रुग्ण किती वर्षे जगली, हा मापदंड सर्वांत सोपा वाटतो. आणि फसगत होते ती येथेच. एका स्त्रीला ५४ व्या वर्षी स्वतःलाच गाठ जाणवली आणि ६० व्या वर्षी तिचे निधन झाले, असे समजू. तीच गाठ तपासणीत ५० व्या वर्षी सापडली असती आणि मृत्यू मात्र ६० व्या वर्षीच आला असता, तर कागदोपत्री सहा वर्षांचे आयुष्य दहा वर्षांचे झाले असते. प्रत्यक्षात तिला एक दिवसही अधिक लाभला नसता. उलट, रोगी म्हणून जगण्याची चार वर्षे तेवढी वाढली असती.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. स्थानकावर अधूनमधून डोकावणाऱ्याला फलाटावर रेंगाळलेली पॅसेंजर अनेकदा दिसते; न थांबता धडधडत जाणारी मेलगाडी क्वचितच. पूर्वतपासणीचेही तसेच आहे. सावकाश वाढणाऱ्या, मुळात सौम्य गाठी तिच्या हाती अधिक लागतात. झपाट्याने वाढणाऱ्या गाठी दोन फेऱ्यांच्या मधल्या काळातच प्रकट होतात. तपासणीत सापडलेल्या रुग्णांची प्रकृती पुढे बरी राहिली, तर त्याचे श्रेय तपासणीचे की गाठीच्या स्वभावाचे? काही गाठी तर अशा असतात की त्या शोधल्या नसत्या तर आयुष्यभर त्यांचा उपद्रव झाला नसता. अशा स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली की आकडेवारीत ‘बऱ्या झालेल्या’ रुग्णांत एकीची भर पडते. तिच्या वाट्याला मात्र केवळ हानी येते.

यास्तव रुग्णांची वर्षे न मोजता दोन समान गटांतील मृत्यू मोजावे लागतात आणि कोणत्या गटात कोण, हे दैवावर सोपवावे लागते. या पद्धतीची पहिली मोठी चाचणी न्यूयॉर्क येथील एका आरोग्य विमा योजनेच्या सभासद स्त्रियांमध्ये १९६३ साली सुरू झाली. ४० ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटास दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र, आणि डॉक्टरांकडून तपासणी यांसाठी निमंत्रण देण्यात आले. दुसऱ्या गटाचे उपचार नेहमीप्रमाणे चालू राहिले. पाच वर्षांत स्तनकर्करोगाने निमंत्रित गटात ३९, तर दुसऱ्यात ६३ मृत्यू झाले.

निमंत्रितांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रिया तपासणीस आल्याच नाहीत. त्यांना वगळून हिशेब करावा असे कोणासही वाटेल. तथापि इतर सर्व कारणांनी झालेले मृत्यू पाहता, तपासणी करून घेतलेल्यांमध्ये ते हजारी सुमारे २१, तर न आलेल्यांमध्ये सुमारे ३८ होते. स्तनाच्या तपासणीने हृदयविकार टळत नाही. तेव्हा येणाऱ्या आणि न येणाऱ्या स्त्रिया मुळातच भिन्न होत्या, हे उघड आहे. म्हणूनच आलेल्या व न आलेल्या अशा सर्व निमंत्रितांची गणना एकत्रच केली जाते. शिबिरास आलेल्या स्त्रियांची न आलेल्यांशी तुलना करून काढलेले निष्कर्ष कितीही उत्साहवर्धक असले, तरी ते याच कारणाने ग्राह्य ठरत नाहीत.

क्ष-किरण यंत्रे आणि चित्रे वाचणारे तज्ज्ञ जेथे दुर्मीळ, तेथे केवळ प्रशिक्षित हाताने केलेल्या तपासणीने हे साधेल काय? या प्रश्नाचा शोध मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने घेतला. १९९८ साली सुरू झालेल्या या चाचणीत ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया होत्या. येथे व्यक्तींची नव्हे, तर वीस वस्ती-समूहांची विभागणी झाली. एकाच चाळीत एकीला तपासायचे आणि शेजारणीला नाही, हे व्यवहारात टिकणारे नव्हते. दहा समूहांत आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा स्तनांची तपासणी केली. उरलेल्या दहांत कर्करोगाविषयी एकदा माहिती देण्यात आली. त्यानंतर दोन्हीकडे पाहणी चालू राहिली. एक लाख स्त्रियांमागे वर्षाला वीस-पंचवीस मृत्यू होणाऱ्या रोगात फरक दिसण्यास इतका काळ लागतोच.

निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रोगाचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. स्तनकर्करोगाचे मृत्यू दर लाखामागे वर्षाला २०.८२ विरुद्ध २४.६२, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, ही शक्यता संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरती नाकारता आली नाही. वयानुसार पाहिल्यावर ५० वर्षे व त्यापुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले दिसले, तर पन्नाशीच्या आतील स्त्रियांत लक्षणीय घट दिसली नाही. ही वयोगटांची फोड आधी ठरविलेली नव्हती, मागाहून केलेली होती. त्यामुळे तिच्यावर सर्व भार टाकणे योग्य होणार नाही.

केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक आराखड्यात हाताने करावयाची हीच तपासणी ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी सुचविली आहे. मुंबईतील चाचणीत ती दर दोन वर्षांनी झाली होती, आणि तिचा लाभ दिसला तो पन्नाशीनंतर.